हे गड्ड्याला येणार, पण मला धडकी भरते

पत्र :

ताई, आमचे हे लष्करात नाईक आहेत. दोन वर्षं झाली, काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्सला आहेत. मी जुळे सोलापुरात सासूबाई आणि साडेचार वर्षांच्या मुलाबरोबर राहते, घरी ब्लाउज शिवते. अकरा महिन्यांनी हे संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला येणार आहेत, पंचेचाळीस दिवसांची सुट्टी आहे. घरात सगळे खूश आहेत आणि माझ्या पोटात मात्र गोळा येतोय. मागच्या सुट्टीत पहिले आठ दिवस पाहुण्यांतच गेले. मुलगा यांच्याजवळ जाईना, तर मला म्हणाले, "याला काय शिकवून ठेवलंयस?" पहिल्याच रात्री पैशांचा हिशेब विचारला. मुलाची शिकवणी बंद करून टाकली. मोहोळकडच्या गावात चुलत दिरांनी आमचा बांध कोरलाय, त्या भांडणात आठवडा गेला. रात्री झोपायचे नाहीत, गच्चीवर जाऊन बसायचे, दोनदा झोपेत ओरडले. माझी मशीन दीड महिना बंदच होती. जाताना स्टेशनवर मी रडले, पण घरी येऊन दाराला कडी लावली तेव्हा मला हलकं वाटलं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. मी वाईट बायको आहे का? या वेळी काय करू?
– एक फौजीची बायको, सोलापूर

उत्तर :

पोरी, तुला 'तू'च म्हणते. आमचे हे अठ्ठावीस वर्षं नोकरी करून सुभेदार म्हणून घरी आले आणि त्यातला बराचसा काळ मी इथंच, सोलापुरात, दोन लेकरं घेऊन काढला. त्यामुळं तुझं पत्र मला परक्या बाईचं वाटलं नाही. कडी लावल्यावरचं ते हलकेपण मलाही माहीत आहे. मीही ते कुणाला सांगितलं नव्हतं.

तू वाईट बायको नाहीस. त्या दीड महिन्यात तू काय काय केलंस ते आठवून बघ. आल्यागेल्याचा चहा, सासूबाईंची मर्जी, बापलेकांमधलं भांडण मिटवणं, रात्री ते गच्चीवर गेले की झोपेचं सोंग घेऊन त्यांची वाट बघणं, आणि या सगळ्यात चेहरा हसरा ठेवणं, कारण "वर्षातनं एकदा येतो बिचारा." कडी लावलीस तेव्हा तुला यातनं मोकळीक मिळाली. ते हलकेपण नवरा गेल्याचं नव्हतं. स्टेशनवरचं रडू खरं होतं आणि घरातला तो मोकळा श्वासही खरा होता. दोन्ही एकाच बाईचे. याबद्दल स्वतःला पुन्हा बोल लावू नकोस.

आता त्यांच्या बाजूनं थोडं बघू. पोस्टवरनं ट्रान्झिट कॅम्प, तिथनं जम्मू, झेलम एक्स्प्रेसनं दोन रात्री प्रवास करून पुणं, मग संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून रात्री सोलापूर. तीन-चार दिवसांपूर्वी जो माणूस अंधारात रायफल घेऊन पहाऱ्यावर उभा होता, तो आज तुझ्या हॉलमध्ये सोफ्यावर बसलाय आणि समोर मावशी विचारतेय, "मग, तिकडं लई थंडी असंल की?" जिथं प्रत्येक वस्तू ठरल्या जागी आणि प्रत्येक काम ठरल्या वेळी असतं, तिथनं तो आलाय. तिथं कान सारखे टवकारलेले ठेवावे लागतात, आणि घरी आल्या आल्या त्यांना खाली बसायला सांगून ते बसत नाहीत. आम्ही तेव्हा पूर्व भागात राहायचो, शेजारी यंत्रमाग होते. रात्रभर खटखट चालायची. आलेला पाहुणा वैतागायचा, पण आमच्या यांना त्या आवाजात गाढ झोप लागायची. मध्यरात्री लाइट गेली आणि माग थांबले की मात्र हे ताडकन उठून बसायचे. आवाज बंद होणं त्यांच्या लेखी धोक्याचं होतं. मला हे कळायला चार सुट्ट्या लागल्या. तोवर मी समजत होते की यांना माझ्याजवळ झोपच लागत नाही.

घराचंही असंच असतं. ते गेले तेव्हा सिलिंडर लावायला, गाडीत हवा भरायला, शाळेत फी भरायला तुला त्यांची गरज होती. अकरा महिन्यांत तू हे सगळं शिकलीस. घराला त्यांच्यावाचून चालायची सवय लागली, आणि ती लागायलाच हवी होती, नाहीतर तुमचं निभलंच नसतं. पण परत आलेल्या माणसाला दिसतं काय, तर सगळं चाललंय, आणि आपण कुठं बसायचं ते मात्र कळत नाही. मग तो कशाला तरी हात घालतो. शिकवणी बंद करतो, कपाट हलवतो, हिशेब मागतो. मागच्या वेळी त्यांनी तुझी घडी मोडली असं तुला वाटलं. मला वाटतं ते आपली जागा शोधत होते, आणि त्यांना ती कुणी दाखवली नाही.

म्हणून या वेळी ते यायच्या आधीच त्यांची जागा ठरवून ठेव. मोठी नको. मुलाला शाळेत सोडणं आणि आणणं हे त्यांचं काम, पहिल्या आठवड्यानंतर रोजचं. त्यात तू मध्ये बोलायचं नाहीस. भांग वाकडा, बटण उलटं, डबा विसरला, जे होईल ते त्या दोघांचं. आणखी एखादं घरातलं काम तू मुद्दाम राखून ठेव, मोटारीचा पाइप असेल, गच्चीचं गळणं असेल. पण तू लावलेली मोठी घडी, म्हणजे शिकवणी, दवाखाना, बचतगट, ती पंचेचाळीस दिवसांसाठी बदलायची नाही, हे फोनवरच बोलून घे. आत्ता, ते तिकडं असताना. समोरासमोर आल्यावर हे बोलणं भांडण होऊन बसतं. आणि त्याच फोनवर त्यांनाही विचार, "आल्यावर पहिले चार दिवस तुम्हाला काय हवंय?" आपल्याकडं हा प्रश्न फौजीला कुणी विचारतच नाही. आई म्हणते पूजा घालू, मित्र म्हणतात पार्टी कर, गाव म्हणतं सत्कार करू. आमचे हे एकदा म्हणाले होते, "मला फक्त दार लावून आंघोळ करायचीय, बाहेर कुणी रांगेत उभं नसताना."

पाहुण्यांचं मी तुला स्पष्टच सांगते. पहिले आठ दिवस घराचे. नातेवाइकांना आधीच कळव की दुसऱ्या रविवारी सगळ्यांनी जेवायला या, एकदाच या. कुणी तोंड वाकडं केलं तर करू दे. सैन्यात जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक रजा आणि तीस दिवसांची नैमित्तिक रजा असते, आणि तीही तुकड्यातुकड्यानं, युनिटची गरज बघून मिळते. त्यातला एक आठवडा चहाच्या कपांत घालवणं या लेकराला परवडणारं नाही. दोस्तमंडळी मिलिटरी कॅन्टीनच्या दारूच्या बाटलीसाठी चकरा मारतील. त्यांना काय सांगायचं ते यांनाच ठरवू दे, पण बैठक घरात होणार नाही एवढं तू सांगू शकतेस.

सासूबाईंना मात्र या पाहुण्यांत धरू नकोस. तुला अकरा महिने झाले, त्यांना त्यांचा मुलगा भरतीला गेल्यापासून झोप नाही. आमच्याकडं एक गोष्ट घडली होती. हे सुट्टीवर आले की जेवून उठल्यावर आपलं ताट आपण घासायचे, सवयच ती, आणि साडेचारला उठून अंथरूण चौकोनी घडी करून ठेवायचे. आमच्या सासूबाईंनी तीन दिवस बघितलं आणि चौथ्या दिवशी माझ्यावर उखडल्या, "माझ्या पोराला या घरात ताट घासायला लावतीस?" मी रडले, यांना राग आला, घरात दोन दिवस अबोला. आज कळतं की त्या म्हातारीला पोरासाठी काहीतरी करायचं होतं आणि तिला आम्ही काही ठेवलंच नव्हतं. तू पहिली सकाळ तुझ्या सासूबाईंना दे. त्यांच्या हातची ज्वारीची भाकरी, शेंगा चटणी, वर दह्याची कवडी. तू मुलाला घेऊन तासभर बाहेर जा. मायलेकांना बोलू दे. तो तास तुला पुढं महिनाभर कामी येईल.

आता गड्डा. मला ठाऊक आहे, सोलापूरचा माणूस जगात कुठंही असो, संक्रांतीला त्याचा जीव सिद्धेश्वराकडं लागतो. नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरच्या सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, हे त्यांना बघायचं असेल तर जरूर जाऊ दे. पण त्यांना आधी विचार, आणि ते नको म्हणाले तर कारण विचारू नकोस. खांद्याला खांदा लागणारी गर्दी, पाठीमागनं येणारे धक्के, होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम. जो माणूस वर्षभर गर्दीत हात कुणाचा कुठं आहे ते बघत राहिला, त्याच्यासाठी हा आनंदाचा आवाज सुरुवातीला आनंदाचा नसतो. आमचे हे त्या दारूकामाच्या रात्री घरात रेडिओ मोठा लावून बसायचे. पाळणे आणि खेळण्यांची दुकानं त्यानंतरही बरेच दिवस असतात, मुलाला घेऊन एखाद्या साध्या वारी दुपारी जा. देवळात पहाटे जा, तळ्यावर धुकं असतं आणि माणसं कमी असतात.

मुलाबद्दल सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण मोठी माणसं चुकली तर सुधारतात, लेकराच्या मनात मात्र चूक घर करून बसते. साडेचार वर्षांच्या पोराला अकरा महिने म्हणजे त्याच्या आठवणीतलं अर्धं आयुष्य. फोनमधले पप्पा त्याला माहीत आहेत, पण दारातनं आत येणारा, वेगळ्या वासाचा, जाड आवाजाचा माणूस त्याला माहीत नाही. तो आजीच्या मागं लपला यात कुणी काही शिकवलेलं नसतं. यांना हे आधीच सांग. "पप्पांकडं जा, पापी दे" म्हणून त्याला कुणी ढकलायचं नाही, आजीनंही नाही. आणि आजपासून एक वाक्य घरात बंद कर, "येऊ दे पप्पाला, सांगते तुझं नाव." आपण सगळ्याच हे म्हणतो. मग पप्पा येतात तेव्हा ते शिक्षा घेऊनच आलेले असतात.

जवळ येण्याचा उत्तम रस्ता म्हणजे दोघांच्या हाताला एक काम. जानेवारीत आपल्याकडं हुरड्याचे दिवस. गावाकडं जा, फक्त तुम्ही तिघं, भांडणाचा विषय त्या दिवशी नाही. आगटी पेटवायला गोवऱ्या गोळा करायला पोराला लाव. गरम कणसं तळहातावर चोळायचं काम बापाचं. ते दाणे फुंकून त्या हातातनं पोरगा खाईल. कुणी पापी मागितली नाही तरी तो त्या हाताला चिकटेल. मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आमची धाकटी दहा दिवस यांच्या वाऱ्याला उभी राहत नव्हती, ती हुरड्याच्या फडात यांच्या मांडीवर झोपली.

तू लिहिलं नाहीस, पण मला शंका आहे की मागच्या वेळी ते गेल्यावर पोराला ताप आला असेल, नाहीतर अंथरूण ओलं व्हायला लागलं असेल. तसं झालं असेल तर त्याला रागवू नकोस, काही आठवड्यांत थांबतं. पण जायचा दिवस त्याच्यापासून लपवू नकोस. आम्ही एकदा ही चूक केली. थोरला झोपेत असताना हे पहाटेच्या गाडीनं निघून गेले, म्हटलं रडणं तरी वाचेल. त्यानंतर महिनाभर तो माझ्या पदराचं टोक मनगटाला गुंडाळून झोपायचा, मीही उठून जाईन म्हणून. कॅलेंडरवर जायच्या तारखेला दोघांनी मिळून खूण करायची, रोज एक दिवस खोडायचा. रडेल. रडू दे, पण बापाच्या खांद्यावर रडू दे.

पैशांचं सोपं आहे. एक वही कर, महिन्यागणिक काय आलं, काय गेलं, दवाखाना, फी, खत, सासूबाईंचं औषध. पाचव्या-सहाव्या दिवशी, त्यांनी विचारायच्या आत, तूच वही पुढं ठेव. पहिल्या रात्री मागितली तर सरळ म्हण, "सगळं लिहून ठेवलंय, आज जेवा, झोपा, रविवारी बसू." तुझ्या शिवणकामाचे पैसेही त्यात लिही, वेगळ्या रकान्यात. आणि मशीन या वेळी बंद ठेवायची नाही. दुपारचे दोन तास तुझे. गिऱ्हाईक एकदा दुसरीकडं गेलं की परत येत नाही, हे त्यांनाही कळू दे. शिवाय तुझ्या दिवसात तुझं असं काही चालू राहिलं तर ते गेल्यावर तुला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

रात्रीचं मी शेवटी ठेवणार होते, पण ते टाळल्यासारखं होईल. पहिले दोन-तीन आठवडे झोप तुटणं, कडी पुन्हापुन्हा तपासणं, दाराकडं तोंड करून बसणं, चटकन चिडणं, हे बहुतेकांचं होतं आणि हळूहळू उतरतं. ते झोपेत ओरडले तर अंगाला हात लावून गदागदा हलवू नकोस. थोडं लांबनं, त्यांच्या नावानं, शांत आवाजात हाक मार, लाइट लाव, "घरी आहात, सोलापुरात आहात" एवढं म्हण. काय दिसलं ते विचारू नकोस. गच्चीवर गेले तर कधीतरी चादर घेऊन जा आणि शेजारी बस. बोललंच पाहिजे असं नाही. "तिकडं काय काय बघितलंत?" या प्रश्नानं माणूस मिटतो. "तुमच्याबरोबर तिथं कोण कोण असतं?" असं विचारलं की बोलायला लागतो. कोण भांडखोर, कोण गाणं म्हणतो, कुणाच्या घरी बाळ झालं, या गप्पांतनं बाकीचं आपोआप येतं, यायचं तेव्हा.

पण काही गोष्टींना थांबायचं नसतं. झोप लागण्यासाठी रोज दारू लागायला लागली, महिना होऊनही झोप परत आली नाही, ते कुणाशीच बोलेनासे झाले, "मी नसतो तर बरं" असलं काही तोंडातनं आलं, तर एकटी सांभाळत बसू नकोस. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीबेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. लष्करी जवान आणि त्यांच्या कुटुंबांसाठी १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचा वेगळा कक्षही आहे. ते म्हणतील, "मेडिकल कॅटेगरी जाईल, युनिटमध्ये कळेल." ही भीती प्रत्येक फौजीला असते आणि ती हसण्यावारी नेऊ नये. पण फोन करायला युनिटची परवानगी लागत नाही, आणि पहिला फोन तू स्वतःसाठीही करू शकतेस. अकरा महिने तूही पहाऱ्यावरच होतीस. आणि तुझ्यावर किंवा लेकरावर हात उगारला गेला, तर ते कितीही थकलेले असोत, ते सहन करायचं नाही. ११२ किंवा महिलांचा १८१ लाव, आणि सासूबाईंना सोबत घे.

बांधाचं. हे प्रकरण तुमची सुट्टी खाणार, म्हणून त्याची तयारी त्यांच्या येण्याआधी कर. भावकीत तोंडी भांडून कोरलेला बांध परत येत नाही, मोजणीनं येतो. मोहोळला भूमी अभिलेख कार्यालयात हद्दकायम मोजणीचा अर्ज द्यायचा. सातबाऱ्यावर सासूबाईंचं नाव असेल तर त्या आजही देऊ शकतात. फक्त यांचंच नाव असेल तर सुट्टीतला एक दिवस काढून दुय्यम निबंधकाकडं तुझ्या नावानं मुखत्यारपत्र नोंदवून घ्या, म्हणजे पुढची तारीख त्यांच्या सुट्टीवर अडून राहणार नाही. जोडीला यांनी आपल्या कमांडिंग ऑफिसरांना अर्ज द्यावा. युनिटकडनं जिल्हाधिकाऱ्यांना पत्र येतं आणि त्या पत्राचा पाठपुरावा करायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तू तिथं स्वतः जा, बिचकू नकोस. ते काही फक्त निवृत्तांसाठी नाही. चुलत दीर उद्या कोर्टात गेलेच, तर १९२५ चा सैनिकांच्या खटल्यांबाबतचा कायदा आहे. जवान विशेष परिस्थितीत सेवेवर असेल तर युनिटच्या प्रमाणपत्रावर दिवाणी आणि महसुली सुनावणी तहकूब ठेवता येते, त्याच्या माघारी निकाल लागू नये म्हणून. वकिलाच्या खर्चाचंही घाबरू नकोस. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न बघितलं जात नाही, आणि २०२५ च्या जुलैपासून सैनिकांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू झालीय. एवढं हातात असताना यांनी बांधावर जाऊन काठी उचलायची गरज नाही, आणि नोकरीत असलेल्या माणसानं तर मुळीच उचलू नये, पोलिसांत नाव गेलं तर नुकसान त्यांचंच.

कागदांचं निघालंच आहे तर मुलाच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लष्करी दप्तरातली नोंद, निघालीय का, वारसनोंदी कुणाच्या नावावर आहेत, तुझं डिपेंडंट कार्ड, म्हणजे जवानाच्या कुटुंबाचं ओळखपत्र, चालू आहे का, हे एका दुपारी बसून बघून घ्या. लग्नाआधी आईवडिलांच्या नावावर केलेल्या नोंदी तशाच राहिलेल्या मी कितीतरी घरांत बघितल्यात. आणि ते कुठल्या तारखेला, कुठल्या गाडीनं येणार हे स्टेटसला टाकू नकोस, शेजारणीच्या कौतुकानंही नाही.

आता दोन शब्द तुझ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना, कारण हे सदर तेही वाचतात. २६ जानेवारीला हा जवान गल्लीत असेल. शाल-श्रीफळ घेऊन जाण्याआधी त्याला विचारा. त्याला आवडलं तर मनापासून करा, त्याच्या आईला आयुष्यभर पुरेल. पण तो हुतात्मा एक्स्प्रेसनं परत गेल्यावर, जुलैच्या पावसात, रात्री एक वाजता त्या घरातलं पोरगं तापानं फणफणतं, तेव्हाही त्या घराचा दरवाजा तुम्हाला माहीत असू दे. माझ्या थोरल्याला असाच ताप चढला होता. मराठी धड न येणारी शेजारची अक्का, तेलुगू विणकर पद्मशाली समाजातली, रात्रभर त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसली होती आणि तिचा नवरा माग बंद करून रिक्षा शोधायला गेला होता. त्या काळी मी यांना पत्र लिहायचे तर पत्त्यात गावाचं नावच नसायचं. नंबर, हुद्दा, युनिट आणि पुढं ५६ एपीओ, म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय. पत्र जाऊन उत्तर यायला पंधरा-वीस दिवस लागायचे. यांना तापाचं कळलं तेव्हा पोरगा खेळायला लागला होता. मधले ते सगळे दिवस अक्कानं भरून काढले. तुम्ही एका घराला विचारा, "सिलिंडर आणू का? बाजारला चाललोय, काय हवंय?" तेवढं पुरतं. आणि दया दाखवू नका, आणि ती एकटी असते म्हणून तिच्या दारावर नजरही ठेवू नका. कोण आलं, कोण गेलं याची गल्लीत होणारी कुजबुज तिच्या नवऱ्यापर्यंत फोननं पोचते, आणि तिथं बर्फात त्याला ती रात्र कशी जाते हे मी ऐकलंय.

पोरी, तुझ्या भागात फौजींची आणखी घरं असतील. त्यातल्या दोघी-तिघींचे नंबर घे, महिन्यातनं एकदा भेटा. कडी लावल्यावर हलकं वाटलं हे जिला सांगता येईल अशी एक तरी बाई तुला जवळ हवी.

फेब्रुवारी संपत आला की त्यांची बॅग बाहेर निघेल. शेवटचे तीन-चार दिवस ते तुटक वागायला लागतील, उगाच बारीकसारीक गोष्टींवरनं खेकसतील, तूही खेकसशील. निघायचं अवघड असतं म्हणून माणसं आधीच लांब व्हायला बघतात. त्या दिवसांत कुठलाही जुना हिशेब काढू नका. शेंगा चटणी उखळात कुटून घे, मिक्सरची तेल सोडत नाही. कडक भाकऱ्यांची चळत बांध. चटणी दोन किलो तरी कर, बराकीत कुणी एकटं खात नाही. आणि पोराला डब्याच्या झाकणावर काहीतरी काढू दे, गाडी, बैल, काहीही. तिकडं डबा रिकामा झाला तरी ते झाकण टाकून देत नाहीत. आमच्या यांच्या काळ्या ट्रंकेत अजून तशी तीन आहेत.